वाट विचारायची नाही

सरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते "बरा आहे" म्हणायचे आणि लगेच स्वतःलाच विचारायचे, "कशावरून?" मग भर रस्त्यात मनगटावर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. विचारणारा बिचारा ताटकळायचा. नाडी नीट लागली की डोळे उघडून म्हणायचे, "हां, बरा आहे." मग गाडी पुढे.

मुलं त्यांना 'कशावरून सर' म्हणायची, अर्थात पाठीमागं. सरांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, नाव बरोबर ठेवलंय, पण हे नाव आपल्यालाच ठेवलंय हे त्यांना कशावरून वाटतं ते विचारलं पाहिजे.

नांदेडच्या विद्यापीठात ते भूगोल शिकवत. खांद्याला शबनम, तिच्यात तीस मीटरचा टेप, जेवणाचा डबा आणि डब्याखाली मुलांचे नकाशे. त्यामुळं पुष्कळशा नकाशांवर तेलाची तळी पडलेली असत आणि नवी मुलं त्याला जलाशय समजत. कँटीनवाल्यानं "सर, चहा ताजा हाय" म्हटलं की सर म्हणणार, कशावरून? कँटीनवाला शेवटी शेवटी वैतागून आधी गाळणीतला चोथा दाखवायचा आणि मगच कप भरायचा. एसटी स्टँडवर तर मला लाज वाटायची. गाडीला 'लातूर' अशी ठळक पाटी असताना हे कंडक्टरला विचारणार, ही लातूरला जाते कशावरून? एकदा एक कंडक्टर म्हणाला, "साहेब, माझं घर लातूरला हाय आन् मला दुपारी घरी जेवायचंय. बसा." सर इतके खूश झाले की चाकूर येईपर्यंत मला सांगत होते, "हा पुरावा. पाटी हा पुरावा नाही. पाटी काय, कुणीही बदलतो."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचा घोटाळा टळला असता. पण मी कुठला ऐकतोय? माझं लक्ष खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून मी धडपडत होतो. त्याचं कारण सांगतो.

मी आजऱ्याकडचा. सातवीत गणितानं पाय ओढला आणि शाळा सुटली ती सुटलीच. भूकंपानंतर आमच्याकडचा एक ठेकेदार लातूर जिल्ह्यात पत्र्याच्या शेड उभारायला निघाला, त्याच्याबरोबर मी आलो. घरी सांगितलं होतं, दोन महिन्यांत येतो. सर मला त्याच कामावर भेटले. ते विद्यार्थ्यांना घेऊन पडलेल्या घरांची मोजणी करायला आले होते. मुलांच्या हातात गावठाणाचे जुने नकाशे होते. मी जवळच खड्डे खणत होतो. एक म्हातारी एका मुलाजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, कागदात बघून सांग, माझं घर कुठं हाय. मला देव काढायचेत." सगळीकडे दगडमातीचे ढीग. घर नाही, गल्ली नाही. त्या मुलानं नकाशा आधी सरळ धरला, मग उलटा, मग आडवा. म्हातारी तोंडाकडं बघत राहिली. मग तिनंच काय केलं, आडाजवळ गेली, आडाला पाठ लावली आणि मोजून पावलं टाकत चिंचेपर्यंत आली. तिथून डावीकडं वळली आणि एका ढिगावर बसली. म्हणाली, "हितं." माणसांनी खणलं. देव निघाले, पितळी, जरा चेपलेले.

त्या मुलाला नकाशाच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. सर दगडावर बसून राहिले.  मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तू कुठला?"

"आजऱ्याचा."

"म्हणजे इथलं तुला काहीच माहीत नाही?"

"न्हाई जी."

मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला, जसं हरवलेलं काही सापडावं. त्यांनी एका मुलाला तिथल्या तिथं कागदावर आडापासून शाळेपर्यंतची वाट काढायला लावली आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, जा. कुणाला विचारायचं नाही. मी गेलो आणि उकिरड्यावर पोचलो. मान खाली घालून परत आलो. चूक झाली की काय होतं ते मला शाळेपासून ठाऊक होतं. सर म्हणाले, "तू चुकला नाहीस. नकाशा चुकला."

माझ्या आयुष्यात हे मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं.

ठेकेदार गेला, मी नांदेडला आलो. कागदोपत्री मी रोजंदारीवरचा शिपाई. खोली उघडायची, झाडायची, भिंतीवरचे नकाशे टांगायचे. खरं काम वेगळंच. वर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्यानं कुठल्यातरी ठिकाणाचा नकाशा काढायचा आणि तो घेऊन मी ते ठिकाण गाठायचं. वाट विचारायची नाही. पोचलो तर वहीत 'पोचलो' लिहायचं. नाही पोचलो तर जिथं गोंधळलो तिथं नकाशावर फुली मारायची. मुलांचे अंतर्गत गुण त्यावर. अर्धापूरच्या केळीच्या बागांत मी तासन् तास फिरलोय. केळीच्या बागेत एक ओळ दुसऱ्या ओळीसारखीच दिसते आणि मुलं निवांतपणे नकाशावर लिहायची, 'केळीच्या बागेपासून उजवीकडे'. फुली, फुली, फुली. बागवाले बिचारे घड देऊन परत पाठवायचे.

मुलांनी विभागप्रमुखांकडं तक्रार केली. आम्ही एम.ए.ला आणि आमची परीक्षा सातवी नापास माणूस घेतो, हे काय चाललंय. प्रमुखांनी सरांना बोलावलं. मी दाराशीच होतो. सर म्हणाले, "नकाशा कुणासाठी काढतात? ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. माहीत नसलेला माणूस आपल्या विभागात हा एकच आहे. आपण सगळे निकामी."

हा माझा अपमान होता का सन्मान, ते मी त्या दिवशी जेवताना ठरवू शकलो नाही. पण जेवण लई गोड लागलं.

आणि मग भीती शिरली. सरांनी सहज सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी तुला गाव पाठ होईल त्या दिवशी तू मोजपट्टी म्हणून संपलास. ते हसत म्हणाले, मी हसलो नाही. मी गाव पाठ न होऊ देण्याच्या मागं लागलो. स्टँडवरून खोलीवर जाताना मान खाली. बाजाराला रोज वेगळ्या रस्त्यानं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर डोळे मिटून घ्यायचो. लोक म्हणायचे, हा आजऱ्याचा माणूस सारखा झोपून राहतो. कोणी पत्ता सांगायला लागला की मी कानांवर हात ठेवायचो. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा घाम फुटायचा.

सरांच्या कपाटावर एक कागद चिकटवलेला होता. चारच ओळी. विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे? ते आलं, हे कशावरून कळेल? काय दिसलं? म्हणून पुढच्या वर्षी काय बदलणार? पहिल्या दोन ओळी वर्ष सुरू होण्याआधी भरायच्या, उरलेल्या दोन वर्ष संपल्यावर. हाच त्यांचा आराखडा आणि हाच अहवाल. बाकीचे प्राध्यापक अहवालात लिहायचे, 'विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक आहे.' सर म्हणायचे, कशावरून? ते म्हणायचे, अहो सर, मार्क आहेत ना. मग सर उदगीरची गोष्ट सांगायचे. त्यांच्या वडिलांची तिथं धान्याची आडत. पोतं आलं की वडील तोंडाशी असलेले दाणे बघायचेच नाहीत. टोकदार नळी पोत्यात तीन ठिकाणी खुपसून आतलं धान्य काढायचे. सर म्हणायचे, मार्क म्हणजे पोत्याच्या तोंडाचे दाणे हो, माझी नळी हा आजऱ्याचा माणूस आहे.

त्या काळात लातूरला क्लासचं पेव फुटलेलं. गल्ल्याच्या गल्ल्या क्लासच्या. आमच्याकडं येणारी मुलं त्यातूनच तयार होऊन यायची, हुशार, तोंडपाठ. एकानं सरांना विचारलंही होतं की नकाशाचं आदर्श उत्तर मिळेल का.

आमच्याच वर्गात चाकूरची एक मुलगी होती. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. शनिवार-रविवार लातूरच्या एका क्लासवर शिकवण्याची उमेदवारी करायची. तिनं नकाशा काढला होता लातूरच्या स्टँडपासून त्या क्लासपर्यंतचा. सुबक, रंगीत, प्रत्येक वळणावर खूण लिहिलेली. मी निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली. म्हणाली, क्लासवाले सर अंतर्गत गुण बघूनच नोकरी पक्की करणार आहेत आणि नाही झालं तर दिवाळीत घरचे लग्न उरकणार आहेत. मग पायरीवरून उतरता उतरता वळली.

"भाऊ, पोचाल ना?"

मी पोचलो नाही. पहिली खूण होती गणिताच्या क्लासचा पिवळा बोर्ड. तिथं निळा बोर्ड होता आणि त्यावर दुसरंच नाव. दुसरी खूण होती पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचा मोठा फलक. तो दोन गल्ल्यांत होता, फोटो वेगवेगळे. मी तीन गल्ल्या चार वेळा फिरलो. ऊन मी म्हणत होतं. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानातले एक चाचा ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाले, "कबसे घूम रहे हो भाऊ? कुठं जायचंय?" आणि मी विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. दोन मिनिटांत मी क्लासच्या दारात.

वहीत मी लिहिलं, 'पोचलो'. शब्द खोटा नव्हता. पोचलो तर होतोच.

पुढचा महिनाभर मला धड झोप नव्हती. मग बाहेरची समिती येणार असं कळलं. विभागाची तपासणी. प्रमुखांनी सगळ्यांना सांगितलं, अहवाल चांगले दिसू द्या. सरांची एक पद्धत होती. अहवाल ते आधी मला वाचून दाखवायचे. जिथं मला कळलं नाही तिथं वाक्य बदलायचं, माझं डोकं बदलायचं नाही. त्या सकाळी ते वाचत होते आणि मी झाडू हातात धरून ऐकत होतो. अठरापैकी अकरा नकाशे पोचले, सात चुकले, कुठं चुकले, का चुकले. मग चौथी ओळ आली. 'गावातील नकाशांत खुणा निवडणे विद्यार्थ्यांना जमले आहे. लातूरच्या दाट वस्तीतही तपासनीस पोचला. सबब पुढील वर्षी खुणांचा धडा वगळावा.'

मला ती म्हातारी दिसली. आडाला पाठ लावून उभी.

"सर, मी खोटं लिहिलं."

"कशावरून?"

हसावं का रडावं ते कळेना. मी सगळं सांगितलं. निळा बोर्ड, फोटो, चाचा, चाकूरच्या ताईचं लग्न. सर पेनचं टोपण उघडत होते, लावत होते. मग म्हणाले, उद्याची पहिली गाडी. मी विचारलं, सामान घेऊन येऊ का सगळं? कारण मला वाटलं, लातूरहून मला पुढं गावाकडच्या गाडीत बसवून देणार.

"सामान कशाला? छत्री आण. ऊन आहे."

लातूरला उतरल्यावर नकाशा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. मी चार पावलं मागं. उदगीरचा माणूस, लातूर त्यांना लहानपणापासून ठाऊक. पण क्लासच्या गल्ल्यांत शिरले आणि थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. निळा बोर्ड आता हिरवा झाला होता. मला म्हणाले, "हे लातूर मला माहीत नाही." आणि काय सांगू, त्या माणसाचे डोळे चमकायला लागले. नकाशा आडवा केला, उलटा केला, गोल फिरले, एका क्लासात जाऊन धडकले, तिथल्या शिपायानं प्रवेश अर्ज हातात दिला. बाहेर येऊन हसत होते. छत्रीच्या टोकानं मातीत मोठी फुली काढली.

"तू कुठं चुकलास?"

"इथंच, सर."

"बघ. दोन माणसं, एकच फुली. याला म्हणतात निष्कर्ष."

चाचांनी मला ओळखलं. म्हणाले, "ये भाऊ को मैंनेच रास्ता बताया. साहेब, हितले बोर्ड म्हैन्याला फिरतात. दोन मास्तर भांडले की बोर्ड उडाला. पत्ता माझ्या दुकानावरनं सांगत जा म्हणावं. माझे वालिद बसायचे, आता मी बसून राहिलो." सरांनी त्यांच्या दुकानापासून मागच्या मशिदीपर्यंत, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत टेप लावून अंतरं मोजली. टेपचं एक टोक चाचांनी धरलं, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून.

चाकूरची ताई क्लासमधून बाहेर आली ती हाताला खडू लागलेला. सरांनी तिला मातीतली फुली दाखवली. तिनं मान वर करून हिरवा बोर्ड वाचला. मग सरांना म्हणाली, गुण कमी होतील ना?

"गुण कमी होतील. नकाशा चांगला होईल."

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी असेल. राग होता.

"भाऊ, मी पोचाल का विचारलं होतं. पोचवा म्हणाले होते का?"



समिती आली. तीन जण, त्यात एक वयस्क बाई. सरांनी अहवालात नवा परिच्छेद घातला होता की एका नकाशाच्या बाबतीत तपासनिसाने वाट विचारली, चुकीची नोंद केली व ते स्वतः होऊन सांगितले, त्यावरून असे दिसते की टिकणाऱ्या खुणा निवडणे विद्यार्थ्यांना आलेले नाही. प्रमुख म्हणाले होते, सर, एवढा परिच्छेद काढा, विभागाचं नाव जातं. सर म्हणाले, हा काढला तर चौथी ओळ खोटी होते आणि मग वरच्या तिन्ही कशासाठी लिहिल्या? त्या बाईंनी तो परिच्छेद वाचला आणि विचारलं, तपासनीस कोण, त्यांची अर्हता काय?  सरांनी माझ्याकडं हात केला. "सातवी. पण इथला नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. खोटं का लिहिलं, असं विचारलं. मी म्हणालो, ताईचं लग्न लावून देतील असं वाटलं. कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

"मग खरं का सांगितलं?"

 जे होतं ते बोललो. "बाई, सरांनी खुणांचा धडा काढायचं लिहिलं होतं. पुढच्या वर्षी मग मीच सारखा चुकलो असतो. आन् माझ्यासारखे बाकीचे."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मला कधीच कळलं नाही. प्रमुखांनी मात्र समिती जाताच सरांना सांगितलं, हा माणूस आता नको. सरांनी कपाटावरचा कागद काढला आणि चौथ्या ओळीखाली लिहिलं, 'तपासनीस तोच. पण एकाऐवजी दोघे, वेगवेगळे पाठवावेत.' आणि खरोखर दुसरी तपासनीस शोधून आणली. कँटीनमध्ये आदिलाबादकडच्या एक मावशी नव्यानं लागल्या होत्या. तेलुगू बोलायच्या, मराठी अक्षर ओळखायच्या नाहीत. मी निदान पाटी वाचून चालायचो, त्यांना पाटीचा काही उपयोगच नव्हता. मुलांची अशी धांदल उडाली म्हणता. झाड कसं काढायचं, टाकी कशी काढायची, चढ कसा दाखवायचा. त्या वर्षी वर्गात जे काही चाललं होतं ते बघायला मी झाडू घेऊन विनाकारण आत जायचो.

चाकूरच्या ताईनं नकाशा पुन्हा काढला. चाचांचं दुकान, मशीद, टाकी. मावशी सरळ जाऊन क्लासच्या दारात उभ्या राहिल्या. त्या क्लासनं ताईला घेतलं नाही, दुसऱ्यानं घेतलं, तोही पुढं गल्ली बदलून गेला. दिवाळी लग्नाविना गेली. वर्गात ती अजून पहिला, चुकलेला नकाशा आधी दाखवते असं ऐकतो.

मी नांदेडलाच राहिलो. दोन महिने अजून संपायचे आहेत. आता मी खिडकीतून बघतो. गाव पाठ झालं तेव्हा मी घाबरत सरांना सांगितलं होतं, तर म्हणाले, "मग परभणीला पाठवतो. परकं व्हायला जागा पुष्कळ आहे."

निवृत्तीनंतर सर उदगीरला गेले. एकदा त्यांचं कार्ड आलं. मजकूर एक ओळीचा, 'ये.' खाली हातानं काढलेला नकाशा, स्टेशनपासून घरापर्यंत. मी उदगीरला कधी गेलो नव्हतो.  स्टेशनवरून निघालो, किल्ल्याच्या बाजूला वळलो, आणि तिसऱ्या खुणेला अडकलो. सरांनी लिहिलं होतं, 'लाल पाटीचं दुकान'. लाल पाटी कुठंच नव्हती. दोनदा फेरी मारली. शेवटी कडब्याची गाडी उतरवणाऱ्या एकाला विचारलं. तो म्हणाला, ते दुकान बंद होऊन लई दिवस झाले.

सर ओट्यावरच बसले होते. शबनम मांडीवर होती. बस म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही.

"पोचलास?"

"वाट विचारली, सर. तिसऱ्या खुणेला."

 सर असे हसायला लागले की आतून काकू बाहेर आल्या. मला मुद्दाम फसवलं होतं की ते खरंच विसरले होते, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, कशावरून. त्यांनी माझ्या हातातलं कार्ड मागून घेतलं, तिसऱ्या खुणेवर फुली मारली, शबनममधून तसाच चार ओळींचा नवा कागद काढला आणि तिसऱ्या ओळीपुढं स्वतःचं नाव घालून लिहिलं, 'नापास.'

मग कागद आणि पेन माझ्याकडं सरकवलं. चौथी ओळ, 'म्हणून पुढच्या वर्षी काय बदलणार?', कोरी होती.

"लिही," म्हणाले. "अक्षर तुझं चांगलं आहे."